एसटीत विसरलेल्या शाली

अहो, तुमच्या तेरवीला एक बाई तुमची शाल घेऊन आली.

अंगावर नव्हती घेतली. त्या उन्हात शाल कोण घेणार? तिने त्यात तांदूळ बांधून आणले होते. काळी-पिवळी जीपमधून उतरली, सोबत सून, सुनेच्या डोक्यावर गाठोडं. मांडवातल्या बायकांनी सरकून जागा करून दिली. गाठोडं माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "घरचा धान होय बाई. फौजीभाऊच्या हातचा."

मी तांदळाकडे पाहिलंच नाही. जांभळी शाल, काठाला पांढरे पोपट. अशी दुसरी शाल आपल्या तालुक्यात नसेल. सात-आठ वर्षांपूर्वी सव्वीस जानेवारीला शाळेने ती तुमच्या खांद्यावर घातली, तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की ही माझी. तुम्ही ती श्रावणात पिशवीत भरून नेली आणि हात हलवत परत आलात.

"शाल कुठी गेली?"

"एसटीत राह्यली."

तुमची प्रत्येक शाल एसटीत राहिली. हिरवी राहिली, पिवळी राहिली, सरपंचांनी दिलेली लोकरी राहिली. पोपटवालीसाठी तर मी डेपोत जाऊन चौकशी केली होती. तिथल्या बाबूने एक छत्री, एक कवळी आणि कोणाची तरी एका पायाची चप्पल दाखवली. "यातलं काही होय काय, बाई?" मी शेजारणींना हसून सांगायची, सरहद्दीवर बंदूक नाही विसरला माझा माणूस, पण शाल म्हटली की झालं! हसायचं ते माझ्यावर होतं, हे मला तुमच्या तेरवीला कळलं.

"तुमी कोन, बाई?" मी तिला विचारलं.

"कौसल्या. वासुदेवची."

एवढं सांगितलं की सगळं आलं, अशा सुरात म्हणाली. आणि मला, तुमच्या लग्नाच्या बायकोला, वासुदेव कोण हेच माहीत नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात आपली प्राची उठली, तिच्या पाया पडली आणि म्हणाली, "कौसल्या आजी, गुडघे कसे हायेत आता?"

अहो, आपली नात तिचे गुडघे ओळखत होती.

पानं उठेपर्यंत मी दम धरला. मग प्राचीला गोठ्यामागे गाठलं.

"तुले मालूम होतं?"

"होय."

"कवापासून?"

"दोन साल झाले, आजी. फोनवर बोलनं होते त्यायच्याशी."

"आन् मले काऊन नाई सांगतलं?"

पोरगी खाली बघायला लागली. "आबाजीनं शपथ घातली होती. म्हने, तुही आजी मले वीर समजते. समजू दे तिले."

समजू दे तिले! लहान लेकराला चांदोबा मामा आहे असं समजू देतात, तसं. तुम्ही गेल्याचं दुःख मी तेरा दिवस नीट करत होते. चौदाव्या दिवसापासून त्यात राग मिसळला, आणि आता कुठलं रडू कशाचं आहे ते मलाच वेगळं करता येत नाही.

प्राचीने मग सगळं सांगितलं. तुम्ही आणि वासुदेव एकाच पलटणीत. तो वैनगंगेपलीकडचा, गडचिरोलीकडच्या अंगाचा, तुम्ही अलीकडचे. एकाहत्तरची लढाई, बंगालकडची बाजू, कापलेल्या धानाची शेतं. आपल्यासारखीच बांधी, आपल्यासारखाच धुरा, दोन बांध्यांमधला मातीचा उंचवटा. त्या धुऱ्याआड तुम्ही दोघं आडवे. पुढे मोकळ्या बांधीत आपले गडी जखमी पडलेले. वासुदेव म्हणाला, चाल, आणू त्यायले. तो उठला. तुम्ही उठला नाहीत. त्याने एकाला पाठीवर आणलं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. दर खेपेला तुमच्याकडे बघून म्हणायचा, ऊठ ना बे. चौथ्याला आणायला गेला तो आलाच नाही.

आणि या गावात गेली पन्नास वर्षं पोरंसोरंसुद्धा सांगतात की तिघांना पाठीवर आणलं ते तुम्ही!

आता ही गोष्ट गावात सोडली कोणी, ते सांगायला मला लाज वाटते. मीच. तुमची ती नवी नवरी. अठरा वर्षांची, दोन वेण्या, आणि अक्कल एकाही वेणीत नाही. लग्नाला आठवडा झाला असेल. तुम्ही चुलीजवळ भाकर खात होता आणि मी डोळे मोठे करून विचारलं, "किती मारले?" सिनेमाची गोष्ट विचारावी तसं. तुमचा घास हातातच राहिला. तो ताटात ठेवून तुम्ही म्हणालात, "एक गडी होता. त्यानं तिघं जित्ते आनले पाठीवर." आणि ताटावरून उठलात.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, अशी आमच्यावेळची रीत. मी तुम्हाला 'आमच्या घरचे' म्हणायची. मला वाटलं, आपण जसं यांचं नाव घेत नाही, तसा हा माणूसही मोठेपणा नको म्हणून स्वतःचं नाव घेत नाही. काय पण डोकं! दुसऱ्या दिवशी बोडीवर, गावच्या तळ्यावर, धुणं धुताना मी बायकांना सांगितलं, "आमच्या घरच्यानं तिघं जित्ते आनले पाठीवर." पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिघंच होते. पुढच्या पिळ्यापर्यंत त्यातला एक साहेब झाला. कपडे वाळेस्तोवर अंगावरून गोळ्याही जायला लागल्या. बोडीवरून गोष्ट विहिरीवर गेली, विहिरीवरून शाळेत. पुढच्या पंधरा ऑगस्टला मास्तर घरी आले, नारळ आणि शाल घेऊन.

त्या दिवशी तुम्ही 'मी नाई, वासुदेव' असं म्हणायचं होतं. तीन शब्द. तुम्ही मान खाली घालून उभे राहिलात आणि सगळं गाव म्हणालं, काय नम्र माणूस आहे!

मी मूर्ख होते, कबूल आहे. पण मूर्खपणा मी आठवडाभराच्या ओळखीवर केला. तुम्ही गप्प राहिलात ते पन्नास वर्षं, शेजारी बसून, माझ्या हातचं जेवून. मी दर झेंडावंदनाला पहिल्या रांगेत काठाचं लुगडं नेसून बसायची. कोणी पाहुणा आला की त्याला गोष्ट सांगायची, आणि तुम्ही हळूच उठून बैलाला पाणी दाखवायला जायचा. बैल विकल्यावरसुद्धा जायचा. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

आणि तो श्रावण! बांधीत पाणी साचलेलं, पऱ्हे, धानाची रोपं, उपटायला आलेले, गावात रोवणीला बायका मिळत नाहीत, आणि ऐन तेव्हाच तुम्ही पिशवी उचलायचा. "पलटनीतल्या गड्यांची भेट हाये. चार दिवसांत येतो." तुमच्या त्या गड्यांना रोवणीशिवाय दुसरा महिना सापडत नव्हता! मला तेव्हाच संशय आला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, अनिल कडेवर होता. मी ठरवलं, बाई असणार. तुमच्यामागून दुसऱ्या एसटीने निघाले, पदराने तोंड झाकून, जशी काही ब्रह्मपुरी मला ओळखत होती. स्टँडवर उतरले तर तुम्ही कुठेच नाही. तुम्ही नदीपलीकडची गाडी पकडून निघून गेला होता, हे आता कळलं. मी तासभर इकडेतिकडे पाहिलं. अनिल भुकेला झाला म्हणून भजी घेतली. भजी चांगली होती म्हणून परत घेतली. समोर कासाराचं दुकान होतं, हिरव्या बांगड्या भरल्या आणि संध्याकाळच्या गाडीने घरी आले. सवत धरायला गेलेली बाई हात भरून परतली! तुम्ही आल्यावर विचारलंत, "बांगड्या नव्या दिसतात." मी म्हटलं, "फेरीवाला आल्ता." तेवढं एक खोटं मी तुमच्याशी बोलले. तुमच्या खोट्यापुढे ते पोरकट वाटतं.

यावर्षी आषाढ संपताना मुख्याध्यापक आले. शाळेला नवं फाटक झालंय, त्यावर तुमच्या नावाची पाटी लावायची होती. 'तीन जवानांचे प्राण वाचवणारे वीर' असं लिहिलेला कागद त्यांनी दाखवला. पंधरा ऑगस्टला पाटीवरचं कापड मीच ओढायचं. अनिलचे डोळे भरून आले. प्राची माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

सर गेल्यावर घरात जे झालं ते तुम्ही ऐकायला हवं होतं. तुमचंच पाप होतं ते.

"आजी, आता सांगून टाक खरं."

अनिलला तेरवीनंतर मीच सगळं सांगितलं होतं. तो भडकला. "कायले? मेलेल्या मानसाची इज्जत काढाले? तुले शिकवलं ते याच्यासाठी?"

"बाबा, इज्जत दुसऱ्याची होती. आपन वापरून राह्यलो."

"तुमच्या पिढीले कोनाचं काही ठेवताच येत नाई. सगळं उघडं पायजे."

"आन् तुमच्या पिढीले पाटी पायजे. आमाले खरं पायजे."

"तुमाले?" मी मध्ये पडले. "तुमाले दर अर्ध्या तासाले सोताचाच फोटो पायजे!"

प्राची हसली नाही. ती पोलीस भरतीची तयारी करते, तुम्हाला ठाऊकच आहे. पहाटे उठून डांबरी रस्त्यावर धावते, तिच्यासोबत गावातली दहा-बारा पोरंपोरी धावतात. आपल्या भागात वर्दी घालायची म्हणजे काय, ते इथे कोणाला समजवावं लागत नाही. धावून आल्यावर ती पोरं तुमच्या पाया पडायची आणि तुम्ही पाय मागे घ्यायचा. मी तुम्हाला रागवायची, की लेकरांना आशीर्वाद द्यायला काय जातं?

मी प्राचीला विचारलं, "तुलेच काऊन सांगतलं त्यायनं? मी काय मेली होती?"

ती म्हणाली, "मी धावून आली होती, बूट सोडत होती. मनात भीती होती, की उद्या खरंच गोळी सुटली तर माहे पाय उचलतीन काय? म्हनून इचारलं, आबाजी, तुमाले भेव लागलं होतं काय? मंग म्हने, हे मले आजवर कोनी इचारलंच नाई."

अहो, हे मला लागलं. तुम्ही फसवलंत त्याहून जास्त लागलं. मी विचारलं, किती मारले. तिने विचारलं, भीती वाटली का. मला वाटायचं, आजकालच्या पोरांना त्याग काय ते कळत नाही, मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. मी चारचौघांत तसं बोलायचीसुद्धा, झेंड्याखाली उभी राहून. आणि त्याग कळला नव्हता तो मलाच. मला नुसती त्याची शाल कळली होती.

पण म्हणून तुम्ही सुटत नाही. मी एकदा चुकीचं विचारलं. तुम्हाला बरोबर सांगायला रोज एक दिवस मिळत होता.

श्रावणात मी प्राचीला म्हटलं, चल, कौसल्याबाईकडे जाऊ. आपली रोवणी गुत्त्यावर दिलेली होती, मला काम नव्हतं. ब्रह्मपुरीला गाडी बदलली, नदी ओलांडली. बाई धुऱ्यावर बसून पऱ्ह्याच्या पेंढ्या मोजत होत्या, आता वाकवत नाही त्यांना. सून आणि चार बायका चिखलात. मला बघून त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "या बाई. लय उशिरा आल्या."

"कोनी बलावलंच नाई, तं येऊ कशी?"

"मी तं दरसाल म्हनो भाऊले, बाईले आना. ते म्हनत, आनतो ना, पुढच्या साली."

बघा. तिथेही पुढची साल!

मग जे ऐकलं त्याने माझं उरलंसुरलं डोकं फिरलं. तुम्ही तिच्या बांधीत रोवणी करायचा! नुसत्या पेंढ्या फेकत नव्हता, चिखलणी करत नव्हता, बायकांच्या ओळीत उभं राहून, कमरेत वाकून धान रोवायचा. अहो, आपल्या शेतात तुम्ही धुऱ्यावर बिडी ओढत बसायचा. "रोवना बायकायचं काम होय," म्हणायचा. माझी कंबर मोडली त्या कामात, आणि तुम्ही नदीपलीकडे जाऊन रोवत होता! त्यांची सून हसत सांगत होती, "भाऊची ओळ दोरी लावल्यासारखी सरळ राहे. आमी बाया लाजून जाओ." मी पंचक्रोशीत सरळ ओळीसाठी नावाजलेली. माझ्या घरात माझ्या तोडीचा रोवणारा होता आणि मी त्याला चहा नेऊन देत होते!

"पयल्या साली आले तवा," कौसल्याबाई सांगत होत्या, "त्या धुऱ्यावर बसले आन् सारं सांगतलं. कसे उठले नाई ते. मंग लहान लेकरावानी रडाले लागले. माह्या कडंवर पोरगा, घरात सासरा आंधळा, बांधीत पऱ्हे पिवळे पडून राह्यले. मी म्हनलं, रडून धान लागत नाई. उतरा खाली."

"तुमाले राग नाई आला?"

"आला ना. दोन साल चहा नाई देल्ला. तिसऱ्या साली वाटलं, हा तं येऊनच राह्यला. आता काय मी चहापत्ती घेऊन सती जाऊ?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की चिखलातल्या बायका वर बघायला लागल्या. हसता हसता मी कधी रडायला लागले ते कळलं नाही. त्या बाईचा नवरा गेला, तिला खरं कळलं, तिने राग केला, तो उतरवला, सगळं करून मोकळी झाली. मला तुम्ही रागसुद्धा करू दिला नाहीत. तिला तुम्ही दिसलात तसे. मला दाखवलात तो तुमच्या फोटोसारखा, छाती पुढे काढलेला.

मी साडी खोचली आणि चिखलात उतरले. आत गेल्यावर गुडघ्याने हाय खाल्ली, दोन ओळी झाल्या आणि प्राचीला हात देऊन बाहेर काढावं लागलं. पण ओळी सरळ होत्या. हे तुम्हाला मुद्दाम सांगते.

पंधरा ऑगस्टला शाळेत गेले. अनिल आला नाही. कौसल्याबाईंना मी आदल्या दिवशीच बोलावून घेतलं होतं, त्या माझ्या शेजारी खुर्चीवर बसल्या. फाटकावर पाटी लागलेली, तिच्यावर पांढरं कापड, कापडाला दोरी. सरांनी दोरी माझ्या हातात दिली. मी ओढली नाही. म्हटलं, आधी दोन शब्द बोलते.

मला भाषण येत नाही. बोडीवर जसं सांगितलं होतं तसंच सांगितलं, फक्त यावेळी खरं. तिघांना आणणारा वासुदेव. ही त्याची बायको. आमच्या घरचे धुऱ्याआड होते. खोटी गोष्ट मी पसरवली, त्यांनी पसरू दिली. मग म्हटलं, "सर, आता तुमीच सांगा. ओढू काय दोरी?"

सरांनी घसा साफ केला. पहिल्या रांगेतली माणसं आपापल्या चपलांकडे बघायला लागली. धावणारी पोरं मागे उभी होती, त्यांच्यातलं कोणी हललं नाही. आणि चौथीतली एक मुलगी, दोन वेण्या, जागेवरून उठून विचारते, "मंग आबाजी भ्याले होते काय?"

सगळे तिला खाली बसवायला लागले. मी म्हटलं, "बसवू नका तिले. बरोबर इचारलं तिनं." आणि तिला सांगितलं, "होय माय. लय भ्याले होते. एकवीस वर्षांचे होते ते."

ती म्हणाली, "बरं," आणि खाली बसली. एवढंच. आभाळ कोसळलं नाही. तुम्ही ज्याला आयुष्यभर घाबरलात, ते एका चौथीतल्या पोरीच्या 'बरं'मध्ये आटोपलं.

पाटीवर अजून कापड आहे. सर म्हणतात मीटिंग घेऊ. वासुदेवचं नाव लिहायचं की दोघांचं की कोणाचंच नाही, यावर गावात भांडणं चालू आहेत. अनिल माझ्याशी बोलत नाही. तुमचाच मुलगा, गप्प राहण्यात पटाईत. पण काल सकाळी मी पाहिलं, तो प्राचीला स्टँडवर सोडायला गेला आणि गाडी सुटेपर्यंत तिथेच उभा राहून तिला काहीतरी विचारत होता. काय ते मी विचारलं नाही. शिकतेय हळूहळू.

आता तुमचं आणि माझं. तुम्हाला वाटलं, हिला कळलं तर ही मला सोडील, नाहीतर तोंड फिरवील. अहो, इतकी वर्षं माझ्यासोबत काढून तुम्हाला माझा राग मोजता आला नाही? भांडण झालं की मी दोन दिवस अबोला धरायची. तिसऱ्या दिवशी तुम्ही नुसते खोकलात तरी विचारायची, काढा देऊ काय? माझं तोंड याहून जास्त बंद राहत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. त्या पहिल्या साली सांगितलं असतं तर तेच झालं असतं. दोन दिवस मी बोलले नसते. तिसऱ्या दिवशी अनिलला कडेवर घेऊन तुमच्याबरोबर नदीपलीकडे आले असते, आणि तुमच्या शेजारच्या ओळीत उभी राहिले असते.

ते दोन दिवस तुमच्याकडे माझे राहिलेत. मी आजपासून धरते. फोटोसमोर दिवा लावीन, पण बोलणार नाही. तुम्ही खोकू नका.